छापून आलं की वाचीन

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. पल्लवी म्हणजे विमलताईंच्या भावाची मुलगी, कॉलेजसाठी जबलपूरला त्यांच्याजवळ राहायला आलेली. मराठी तिला सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीत घसरते. "मौसी, आत्या…" एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "आत्या नहीं रहीं. चहा पिऊन जरा पडते म्हणाली, फिर उठी ही नहीं." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले कपडे काढत राहिले. चादरीच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. माझ्या विजय नगरहून जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्या घरी जायला रिक्षानं फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी पायात चप्पल चढेना. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मेल आली होती. आमच्या शोधपत्रिकेच्या मेल विमलताईंना जातात तशाच मलाही येतात. कुणा दूरच्या गावच्या प्राध्यापकानं विचारलं होतं, "आदरणीय संपादक महोदया, मेरे शोधपत्र का क्या हुआ?" त्या महोदयांचं काय झालं ते मला नुकतंच कळलं होतं… आणि त्या गृहस्थांना काय उत्तर द्यावं ते आजही कळलेलं नाही.

या गोष्टीला काही आठवडे झाले. लिहायला बसते, उठते, पाणी पिते, गॅलरीत जाते, परत बसते. डॉ. विमल गजभिये या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि शेतीविज्ञानावरच्या एका लहानशा इंग्रजी शोधपत्रिकेच्या त्या शेवटपर्यंत संपादक होत्या, एवढं तर कोणीही लिहील. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्याही, नाव चुकवून. मला जे लिहायचं आहे ते त्यांच्या एका वागण्याबद्दल आहे. ते बरोबर होतं असं माझं डोकं सांगतं आणि मन अजून मान्य करत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवायची. आमची ओळख झाली ती त्यांना तक्ते तपासायला कोणी हवं होतं म्हणून. शोधनिबंध आला की त्यातले आकडे एकमेकांशी जुळतात का, पद्धत योग्य वापरली आहे का, हे मी बघायचं. तेव्हा वाटलं, महिन्याकाठी दोन-चार दुपारी जातील. हळूहळू मी सहसंपादक झाले, आणि मग त्यांच्या स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात काय आहे हेही मला ठाऊक झालं. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत कामाला आले होते. माझ्या माहेरचे लोक मराठ्यांच्या राज्यात चाकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. दोघींची मराठी निराळी. मी "का" म्हणायची, त्या "काहून" म्हणायच्या, आणि दोघींच्या वाक्यांत मधूनच "अच्छा" आणि "चलो" शिरायचं.

पत्रिकेत त्यांचा एक नियम फार कडक होता. कुठलाही लेख समीक्षकांकडे पाठवण्याआधी त्यावरचं लेखकाचं नाव, कॉलेज, गाव, सगळं काढायचं. लेखकालाही समीक्षक कोण ते कळता कामा नये. आता हे सगळीकडे करतात, पण विमलताई ते ज्या बारकाईनं करायच्या तसं मी कुठं पाहिलं नाही. "आमच्या मागील अभ्यासात" असं कोणी लिहिलं असेल तर तेवढंही झाकायच्या, कारण त्यावरून लेखक ओळखता येतो. मी एकदा म्हटलं, "ताई, एवढं कोण बघतंय?" त्या भेंडी चिरत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं. नव्यानं नोकरीला लागल्या होत्या तेव्हा त्यांचा एक लेख एका मोठ्या पत्रिकेनं परत केला, भाषा बरोबर नाही म्हणून. पुढं एका परिषदेत ते संपादक भेटले. त्यांनी लेखाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "गजभिये म्हणजे कुठले तुम्ही?" तोच लेख, एक शब्द न बदलता, त्यांनी नाव झाकून वाचणाऱ्या एका पत्रिकेला पाठवला. तो लागला, छापून आला. "नाव दिसलं नाही तवा माझं काम दिसलं," त्या म्हणाल्या, आणि भेंडीचा देठ बाजूला टाकला. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. माझं आडनाव मला कधी झाकावं लागलं नव्हतं.

प्रवीण हा त्यांचा विद्यार्थी. त्याची आई कुसुमबाई आणि ताई विहारात शेजारी शेजारी बसायच्या, जिथं भाजी घ्यायच्या तिथंही बरोबर जायच्या. प्रवीण कॉलेजात त्यांना मॅडम म्हणायचा आणि घरी मावशी. घरात शिकलेला तो पहिलाच. त्याची पीएच.डी. झाली त्या दिवशी ताईंनी गल्लीभर पेढे वाटले होते, आणि कुसुमबाई मला म्हणाल्या होत्या, "पोरगा माझा, पर घडवला ह्यांनी." तो संशोधन केंद्रात लागला, मटारावर काम करू लागला. आमच्याकडं मटार म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. हिवाळ्यात जबलपूरजवळच्या पाटणकडचे रस्ते मटाराच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्यांनी अडतात. या पिकाला मर रोग लागतो, हिंदीत उकठा म्हणतात, उभं झाड पिवळं पडून माना टाकतं. प्रवीणनं बियाण्याला लावायचं एक जैविक औषध तयार केलं. दोन हंगाम पाटणजवळच्या शेतात प्रयोग केले, दोन्ही वर्षी रोग खूप कमी झाला, आणि त्यावरचा लेख आमच्या पत्रिकेत आला. रीतीप्रमाणं नाव झाकून तो दोन समीक्षकांकडं गेला, दोघांनी वाखाणला. तक्ते मी तपासले होते, जुळत होते. ताईंनी छापला. त्यांना झालेला आनंद त्यांनी दाखवला नाही, पण तो अंक त्यांनी बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला दिसेल असा ठेवला होता.

पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक मुलीची मेल आली. भाषा अगदी नम्र. तिनं लिहिलं होतं की लेखात पहिल्या वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या शेताचे जे फोटो आहेत ते एकाच दिवशीचे वाटतात, कुंपणाच्या वाकड्या बांबूवर फाटकं पोतं लटकलंय, ते दोन्हींत सारखंच आहे, फाटलेलंही सारखंच. माझा काही गैरसमज होत असेल तर क्षमा करावी. ताईंनी मला बोलावून घेतलं. आम्ही दोघी संगणकावर ते फोटो मोठे करून बघत बसलो. पोतं तेच होतं. त्याची सावलीसुद्धा तिथंच पडली होती. ताईंनी फोटो लहान केले, पुन्हा मोठे केले. मग म्हणाल्या, "फोटो चुकून लागला असंल. त्याले विचारू." त्यांनी त्याच दिवशी प्रवीणला मेल लिहिली, घरच्या फोनवरून नाही, पत्रिकेच्या मेलवरून. दोन्ही वर्षांच्या मूळ नोंदी पाठवा.

नोंदी आल्या नाहीत. प्रवीण आला. मी तिथंच होते, उठायला लागले तर ताई म्हणाल्या, "बस तू. पत्रिकेचं काम आहे." प्रवीणनं नेहमीप्रमाणं "मावशी" म्हणून सुरुवात केली.

"मॅडम म्हण," ताई म्हणाल्या. "मावशी म्हणशील तर मी चहा ठेवीन, आन् मग गोष्ट तिथंच राहून जाईल."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मग एकदम बोलायला लागला, भरभर. दुसऱ्या वर्षी पीक फुलावर असताना मोकाट गुरं शिरली, कुंपण मोडून. सगळे वाफे तुडवले गेले. तिकडं अहवाल द्यायची तारीख आलेली, वरचे साहेब रोज विचारणार. "पहिल्या वर्षी इतका चांगला रिझल्ट होता मॅडम. दुसऱ्या वर्षीही तसाच आला असता. मी फक्त… अंदाज लावला."

"अंदाज लावला तर अंदाज म्हणून लिहायचं होतं."

"कोणी छापलं असतं?"

"नाही छापलं असतं," ताई म्हणाल्या. "मीही नाही."

मग त्यांनी त्याला सांगितलं की हा लेख मागं घ्यावा लागेल, आणि ते त्यानं स्वतः लिहावं. काय झालं ते साध्या शब्दांत, सही करून. "तू लिहिशील तर ती दुरुस्ती होईल. मी लिहीन तर लोक शिक्षा म्हणतील. पुढच्या अंकापर्यंत थांबते मी." त्यानं मान हलवली. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "माझं प्रमोशन आहे, मावशी." या वेळी ताईंनी त्याला टोकलं नाही.

त्यानं काही लिहिलं नाही. त्याच्या वतीनं बोलायला दुसरेच आले. पत्रिका जी संस्था चालवते तिचे अध्यक्ष घरी आले, सोबत मिठाईचा डबा. "मैडम, फोटो की गलती है, शुद्धिपत्र छाप दीजिए, बात खत्म. अपना ही लड़का है. और पत्रिका का भी नाम खराब होगा." ताई म्हणाल्या, "फोटो की गलती होती तो मैं भी यही करती." डबा त्यांनी उघडला नाही, परतही केला नाही. तो तसाच ओट्यावर राहिला, मुंग्या लागेपर्यंत. मग कुसुमबाई आल्या. त्या वेळी मी नव्हते. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ताईंनी कधी सांगितलं नाही. मी गेले तेव्हा ताई अंगणातल्या झाडांना पाणी घालत होत्या, आणि कुंडी भरून वाहत होती तरी पाईप हलवत नव्हत्या.

मीही भांडले त्यांच्याशी. तेव्हा मी याखेरीज दुसरं काही बोलतच नव्हते. मी म्हटलं, "ताई, देशभरात किती खोटे लेख छापले जातात. पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिका आहेत, कोणी वाचतही नाही आधी. मोठमोठ्या लोकांचं काही होत नाही. आणि आपण धरणार कुणाला, तर प्रवीणला? आपलं म्हणावं असं एक पोरगं वर आलं, त्यालाच?"

त्या चिडल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "आपलं पोरगं काहून बोलून राहिली तू? आपलं म्हणून सोडायचं होतं तर नावं काहून झाकत बसले मी इतकी वर्षं? आम्ही वर आलो ते कोणी आमच्यासाठी नियम वाकवला म्हणून नाही आलो, सुषमा. नियम होता म्हणून आलो. तो वाकला की पहिले आम्हीच खाली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् त्या औषधाचं काय? ते लोक विकत घेऊन राहिले ना."

ते खरं होतं. कोणत्याशा कंपनीनं ते औषध बाटलीत भरून बाजारात आणलं होतं, आणि पाटणच्या बियाण्यांच्या दुकानांत त्याची जी पत्रकं टांगली होती त्यांवर आमच्या लेखातला आलेख छापलेला होता.

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर ताईंनी निवेदन छापलं. लेख मागं घेण्यात येत आहे, दुसऱ्या वर्षीचे आकडे प्रत्यक्ष प्रयोगातले नाहीत. लेखकाबद्दल एकही कडू शब्द नव्हता. शेवटी एक परिच्छेद त्यांनी स्वतःबद्दल लिहिला होता. मूळ नोंदी मागवून न घेता लेख छापला, ही संपादक म्हणून माझी चूक आहे, यापुढं प्रत्येक लेखासोबत मूळ नोंदी मागवल्या जातील. मी म्हटलं, यात माझंही नाव घाला, तक्ते मी तपासले होते. "तुला आकडे दिले ते तू तपासले. ते कुठून आले हे बघायचं काम माझं होतं," त्या म्हणाल्या, आणि नाव घातलं नाही.

त्यानंतर एक दिवस सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. "चल, पाटणला जाऊ." बसनं गेलो. पाटणच्या बाजारात आम्ही दुकान ते दुकान फिरलो, दोन वयस्कर बायका, हातात आमच्या पत्रिकेच्या प्रती. ताई निवेदन उघडून दाखवायच्या आणि पत्रक काढायची विनंती करायच्या. एक दुकानदार हसायला लागला. "मैडमजी, खुद ही छापा, अब खुद ही हटवा रही हैं?" ताई म्हणाल्या, "हाँ भैया. जिसने छापा वही तो हटाएगा." त्यानं पत्रक काढलं, पण बाटल्या तशाच ठेवल्या. दुसऱ्यानं काढलंही नाही. तिसरीकडं पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, आणि ऐकून घेऊन म्हणाला, वो तो कंपनीवाले जानें. दुपारपर्यंत उन्हात फिरून ताईंना चक्कर आली तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. त्या म्हणाल्या, "त्या कोपऱ्यावरचं राहिलं." तिथंही गेलो. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्या. पण त्या बाहेर बघत होत्या, मटाराची शेतं सरत होती, आणि त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "गुरं शिरली तवाच मला फोन केला असता तर…"

प्रवीणचं प्रमोशन गेलं. चौकशी झाली आणि त्याला शहरातून काढून दूरच्या एका शेतकेंद्रावर पाठवलं. कुसुमबाई विहारात आता दुसऱ्या ओळीत बसू लागल्या. ताईंच्या शेजारची जागा दुसरं कोणी घेत नसे, का कोण जाणे, लोकांना वाटत असावं की त्या परत येतील. ताई तिकडं न बघता बसायच्या. पण विहारातून परतल्या की त्यांचं कशात लक्ष नसायचं. पुस्तक उघडून ठेवायचं, उठायचं, गॅस बघायचा, पुन्हा बसायचं. "घरात काही जळून राहिलं का ग?" असं विचारायच्या. काही जळत नसायचं.

मग आजार आला. पोटाचा, आणि कळला तेव्हा फार पुढं गेलेला. डॉक्टरांनी पल्लवीला बाजूला घेऊन सांगितलं, पल्लवीनं मला, आणि ताईंनी आमचे चेहरे बघून ओळखलं. त्या पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील तर, "ह्या अंकाचे समीक्षक उशीर करून राहिले, त्यांना आठवण पाठव." अंथरुणाला टेकून त्या मेल वाचायच्या. आराम करा म्हणून मी सांगून थकले.

त्याच दिवसांत तो लेख आला. मेल उघडली आणि मी बघतच राहिले. प्रवीणचं नाव. शीर्षक तेच, मटाराचा मर रोग आणि तेच औषध, पुढं लिहिलेलं: पुनर्प्रयोग. त्या दूरच्या केंद्रावर त्यानं तोच प्रयोग दोन हिवाळे पुन्हा केला होता, या वेळी मूळ नोंदींसकट, तारखांसकट, रोजच्या फोटोंसकट. निष्कर्ष असा की औषधानं फरक पडत नाही. ओल्या जमिनीत थोडा पडतोसा वाटतो, पण खात्रीनं सांगता येत नाही. आणि पहिल्याच परिच्छेदात त्यानं लिहिलं होतं की याआधीचा लेख मागं घेण्यात आला, कारण त्यातले दुसऱ्या वर्षीचे आकडे मी बनवले होते. 'बनवले होते.' हे शब्द त्यानं स्वतः लिहिले होते.

मी धावत गोरखपुरात गेले. ताईंना त्या दिवशी जरा बरं होतं, पल्लवी त्यांचे केस विंचरत होती. मी म्हटलं, "ताई, प्रवीणचा लेख आलाय. ऐका…"

त्यांनी हात वर केला. तो हात किती बारीक झाला होता. "मला नको सांगू."

"अहो, पण—"

"मी हात नाही लावणार त्याले. माझा तो लागतो. तू बघ. तूही ओळखते त्याला, म्हणून निर्णय एकटीनं नको घेऊ, बाहेरचा कोणी घे सोबत. नाव झाकून पाठव."

"नुसतं ऐकायला काय हरकत आहे? तुम्ही निर्णय नका घेऊ, पण ऐका तर. तुमच्यासाठीच…"

"ऐकलं तर मला वाटंल, लागावा. मग तुला माझ्या तोंडाकडं बघून कळंल." त्या हसल्या जरा. "छापून आलं की वाचीन ना. कुठं जाऊन राहिले मी."

पल्लवी कंगवा हातात धरून माझ्याकडं बघत होती. आम्हा तिघींनाही ठाऊक होतं की पुढचा अंक किती लांब आहे. तरीही मी बोलले असते, त्यांना जबरदस्तीनं सांगितलं असतं, दोनच वाक्यांत. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि कानावर हात ठेवल्यासारखं त्यांचं तोंड दिसत होतं.

याचा मला राग आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये, पण आहे. काय बिघडलं असतं? मी रोज त्यांच्याकडं जात होते आणि माझ्या पिशवीत तो लेख होता. नाव आणि तो पहिला परिच्छेद झाकून मी तो दोघांकडं पाठवला होता. एका समीक्षकानं लिहिलं, यात नवीन काही नाही, औषध चालत नाही हे सिद्ध करण्यासाठी कशाला पानं घालवायची. दुसऱ्यानं लिहिलं, हा छापलाच पाहिजे. बाहेरगावच्या एका जाणत्या संपादकांकडं निर्णय सोपवला, त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या, प्रवीणनं त्या केल्या, लेख स्वीकारला गेला. हे सगळं ताईंच्या उशापायथ्याशी बसून मी करत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. त्यांनीही कधी विचारलं नाही. एकदा फक्त माझ्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, "काम सुरू आहे ना?" मी म्हटलं, "हो." "बस," म्हणाल्या.

आणि मग तो चहा, आणि ती दुपार.

अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील म्हणताना मी मागं वळून पाहिलं तर प्रवीण दूर मोटारसायकलीजवळ उभा होता, हेल्मेट हातात. दूरच्या केंद्रावरून तसाच आला असावा, पँटवर चिखल होता. तो जवळ आला नाही. त्याचा लेख स्वीकारला गेल्याचं त्याला माझ्याच मेलनं कळलं होतं. ताईंनी तो वाचलेला नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितल्याशिवाय कळणारही नव्हतं. किती दिवस माझ्या मनात येत होतं, सांगू नये. वाचला होता असं म्हणावं, खूश झाल्या होत्या असं म्हणावं. एवढंसं खोटं. त्याच्या आयुष्याला पुरलं असतं.

गेल्या आठवड्यात अंक छापून आला. नवा अंक आला की ताईंची एक सवय होती. संपादकाच्या टेबलावर तो वाचायच्या नाहीत. बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या वेताच्या खुर्चीत, समोरच्या स्टुलावर पाय सोडून, वर्गणीदारासारख्या पहिल्या पानापासून वाचायला बसायच्या, पेन्सिल घेऊन, आणि छापून झालेल्या अंकातल्या चुका हुडकून मोठ्यानं ओरडून सांगायच्या. आता सांगून काय उपयोग, असं आम्ही म्हणायचो. म्हणून मी प्रती घेऊन आधी गोरखपुरात गेले. पल्लवीला म्हटलं, एक प्रत खुर्चीवर ठेव. थोड्या वेळानं फाटक वाजलं. प्रवीण होता. मीच त्याला अंक न्यायला ये म्हणून कळवलं होतं. सोबत कुसुमबाई होत्या, पण त्या आत आल्या नाहीत, अंगणात कुंड्यांपाशी उभ्या राहिल्या.

प्रवीणनं खुर्चीवरचा अंक उचलला. उभ्यानंच आपलं पान काढलं. मग विचारलं, "मावशींनी… काय म्हटलं होतं, वाचून?"

पल्लवी माझ्याकडं बघायला लागली. मी त्या खुर्चीकडं बघितलं. आणि सांगितलं, "त्यांनी वाचला नाही. तू त्यांचा लागतोस म्हणाल्या. छापून आलं की वाचीन म्हणाल्या होत्या."

उभाच होता तो, अंक धरून. मला वाटलं आता निघून जाईल. पण त्यानं स्टूल ओढलं, खुर्चीसमोर बसला, आणि लेख वाचायला लागला, मोठ्यानं. 'माझ्या याआधीच्या लेखातले दुसऱ्या वर्षीचे आकडे मी बनवले होते', हे त्यानं इंग्रजीतून वाचलं आणि मग खिडकीकडं तोंड करून, आईला कळावं म्हणून, मराठीतून पुन्हा सांगितलं. बाहेर कुसुमबाईंनी नळ सोडला आणि कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. तो वाचत राहिला. तक्ते आले तसे आकडेही वाचू लागला, एकेक ओळ. दुसऱ्या तक्त्यापाशी थांबला.

"काकू, इथं चुकलंय," तो म्हणाला. "ओल्या जमिनीच्या ओळीत दोन आकड्यांची अदलाबदल झालीय. औषधाचा परिणाम जास्त दिसतोय त्यानं."

मी पाहिलं. छापखान्यातली चूक होती, माझ्याही नजरेतून सुटलेली. "राहू दे, एवढं कोणाच्या लक्षात येणार…" माझ्या तोंडून अर्धं वाक्य निघून गेलं होतं.

"नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी लागेल." त्यानं पल्लवीकडं पेन्सिल मागितली. खिडकीच्या कठड्यावरची आखूड झालेली पेन्सिल तिनं दिली, आणि तो ताईंच्या खुर्चीच्या हातावर अंक टेकवून समासात लिहायला लागला.